बिनकमरेच्या दोन माश्या आणि जव्हारची वाट

नाशिकहून जव्हारला जायला काहीतरी कारण लागतं. हवा खायला लोक महाबळेश्वरला जातात, देवासाठी त्र्यंबकला. त्र्यंबकच्या पलीकडचा घाट उतरून हौसेनं त्या जंगलात शिरलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मला कारण मिळालं ते एका काडेपेटीतून.

फाल्गुन नुकता लागला होता. जव्हारकडून लाकूड घेऊन आलेल्या गाडीवानानं ती आमच्या दारात आणून दिली. आत कापसावर दोन मेलेल्या माश्या. एक नारिंगी-पिवळी, काळ्या डोक्याची, धुरकट पंखांची. दुसरी लांबट काळी, पोट तेवढं तांबडं. चिठ्ठी नव्हती. गाडीवान म्हणाला, "मास्तरीणबाईंनी विचारलंय, या दोघी एकाच घरच्या का? लवकर कळवा म्हणाल्या."

मास्तरीणबाई म्हणजे वेणू. तिचे वडील आप्पा जंगलखात्यात होते, तेव्हा ते आमच्या शेजारी राहत. पुढे जव्हार संस्थानानं त्यांना आपल्या जंगलाचे अंमलदार म्हणून बोलावून घेतलं आणि वेणू ट्रेनिंग कॉलेजातून शिकून तिथल्या मुलींच्या शाळेत लागली. शेजार होता तेव्हा मी पुण्याला सायन्स शिकत होतो. सुट्टीत आलो की वेणू मला परसातल्या मुळ्यावरच्या अळ्या द्रोणात घालून आणून दाखवी, मी भिंगातून बघून तिला त्यांची कुळं सांगे. आमचं प्रेम असं अळ्यांवरूनच जमलं. मागणी घातली तेव्हा आप्पा म्हणाले, "पदवी घेऊन ये, मग बोलू." त्यानंतर मी भर वर्गात प्रोफेसरांशी भांडलो आणि ट्रंक उचलून घरी आलो. पदवी गेली, बोलणंही राहिलं.

गाडीवानाला मी पाणी दिलं, गूळ दिला, तेव्हा त्यानं बाकीचं सांगितलं. वखारीत रचलेली ऐनाची लाकडं पोखरली गेली होती. लाकडं सरकारच्या बांधकामाची. संस्थानच्या कारभाऱ्यांचे शिरस्तेदार चौकशीला येणार होते, आणि त्या तांबड्या पोटाच्या माशीवर आप्पांचा दात होता.

वेणूच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं होतं. त्याच गाडीवानाबरोबर पाठवता आलं असतं. मी दादाची छत्री घेतली, माझं भिंग घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्त्याचं सांगतो. नाशिक ते त्र्यंबक टांगा मिळतो. भाडं बसायच्या आधी ठरवा, कारण उतरताना टांगेवाल्याला घोड्याचं आजारपण आठवतं. त्र्यंबकच्या पुढे बैलगाडी. वाट आंबोलीवरून घाटात शिरते आणि तिथून सगळा उतार. गाडीवान चाकाला दोर बांधून गाडी रोखत रोखत उतरवतो, आपण चालावं हे बरं. दोन्ही अंगांना पळस पेटल्यासारखे फुललेले, सागाची झाडं पार उघडी, आणि मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास इतका की रिकाम्या पोटी डोकं भणभणतं. बरोबर भाकरी घ्याच. वाटेत विकत मिळतील ते फक्त चणे.

माझा गाडीवान सोनू बोलका होता.

"जव्हारला कुणाकडं?"

"काम आहे."

"कामाला निघालेला माणूस बैलाला दर दोन पावलांनी 'चल, चल' करत नाही," तो म्हणाला. "बैल माझा हाय. त्याला घाई नाय. घाई तुमाला."

मी त्याच्यावर खेकसलो. त्यानं मनावर घेतलं नाही. उलट पुढच्या ओढ्यावर त्यानं बैल सोडले, अंघोळ केली, तंबाखू मळली आणि मगच गाडी जुंपली.

मोखाड्याला पोचलो तेव्हा बाजार उठायला आला होता. मोखाडा इंग्रजी अंमलात आहे. पुढे काही कोसांवर जव्हार संस्थानाची हद्द लागते. गाव छोटं, पण बाजाराला सगळे डोंगर खाली उतरतात. मीठ, सुकी मासळी, मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या. देवळाच्या ओसरीत झोपायला जागा मिळते, पाणी विहिरीवरून स्वतः ओढायचं. सोनू तिथूनच परत फिरला आणि सकाळी मला पुढच्या वाटेला सोबत मिळाली ती लहानूची.

लहानू जव्हारजवळच्या एका पाड्यावरचा शेतकरी. वयानं माझ्या वडिलांएवढा, पाठीवर मिठाची गोणी. मी वाट विचारली तर म्हणाला, "तू कठं चाललास, भाऊ? जव्हार? मी बी. चल संगती. पन जरा पाय उचल. माना घरी जाऊन भांडन कराचा हाय."

"कुणाशी?"

"जंगलच्या साहेबाशी."

जंगलचे साहेब म्हणजे आप्पा. मी एकदम थांबलो. लहानू चालत राहिला, म्हणून मलाही पळत जाऊन त्याला गाठावं लागलं.

त्यानं सांगितलं ते असं. या डोंगरात भाताची, नागलीची रोपं करायची तर वाफा आधी भाजावा लागतो. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, बांधून वाळवायच्या, उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून वर पालापाचोळा आणि माती घालायची आणि पेटवायचं. त्या राखेत बी टाकलं की रोप उठतं. याला राब म्हणतात. लहानूच्या पाड्याचा सगळा राब वखारीशेजारच्या माळावर वाळत पडला होता. आप्पांचा हुकूम सुटला होता: माशी या राबात जन्मते आणि तिथून वखारीवर जाते, तेव्हा शिरस्तेदारांच्या देखत सगळे भारे जागच्या जागी जाळून टाकायचे.

"जागच्या जागी जाळला तं राख माळावर," लहानू म्हणाला. "माळावर मी काय भात पेरू? दगडात? आन् आता नवा राब कठून आनू? झाडांना पान राह्यला नाय."

"माशी तुमच्या राबातून निघते हे खरं का?"

"निघते. मी डोळ्यांनी पाह्यली. पन माना सांग, मी तिला पाळली का? ती काय कोंबडी हाय?"

मी त्याला म्हटलं, "ती लाकूड खात नाही."

"मंग राबात काय कराला येते? पावनी?"

"लाकूड खाणारी अळी वेगळी, ती भुंग्याची. ही माशी त्या अळीला खाते."

लहानूनं पाठीवरची गोणी सावरली. मग म्हणाला, "हे साहेबाला ठाव हाय?"

"नाही."

"मंग तू सांगशील?"

"त्यासाठीच निघालोय," मी म्हटलं. आणि खरं तर मी त्यासाठी निघालो नव्हतो, पण त्या क्षणापासून तसंच झालं.

दुपारी एका झाडाखाली त्यानं नागलीची भाकरी आणि सुक्या मिरचीची चटणी काढून अर्धी माझ्यापुढे केली. मी खाल्ली. त्याच्या हातचं खाल्लं हे घरी सांगितलेलं नाही. इथं छापलं म्हणजे कळेलच.

जव्हार पठारावर आहे. शेवटचा चढ चढून वर आलात की वारा बदलतो, घाम थांबतो. कौलारू घरं, तळी, राजेसाहेबांचा वाडा, छोटा नीटस बाजार. पण मी गाव बघायला थांबलो नाही. सरळ शाळेवर गेलो. शाळा सुटत होती. मुली बाहेर पडत होत्या आणि वेणू दारात उभी राहून त्यांच्या वेण्या, दप्तरं न्याहाळत होती. मला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच कडक झाला.

"मी उत्तर मागवलं होतं," ती म्हणाली, "माणूस नव्हे."

"उत्तर माणसाबरोबर आलंय."

"मुली बघतायत. चला, चालता चालता बोला."

आम्ही वखारीच्या बाजूनं निघालो, दोन मुली मुद्दाम रेंगाळत मागे. मी सांगितलं: दोघी एकाच मोठ्या घराण्यातल्या. गांधीलमाशीला, मुंगीला बारीक कंबर असते; या दोघींना नसते, छाती सरळ पोटाला भिडते. पण घराणं एक म्हणून धंदा एक नव्हे. पिवळी मोहरीच्या पानाच्या कडेला आपल्या पोटाच्या टोकाशी असलेल्या करवतीनं चीर पाडून अंडं घालते, तिची अळी पान खाते. तांबडीकडे करवत नाही. तिच्या पोटात केसासारखा लांब दोरा गुंडाळलेला असतो. ती मिशांनी लाकूड ठोकत फिरते, आत अळी असली की तिला जाणवतं, मग तो दोरा लाकडात घालून ती अंडं सोडते. तिचं पिल्लू भुंग्याच्या अळीवर जगतं.

वेणू एकदम उभी राहिली. "आणि आप्पांनी काय केलं माहीत आहे? एका ओंडक्याला मांजरपाटाचं कापड गुंडाळून ठेवलं. महिन्यानं आतून हीच माशी निघाली. म्हणाले, झाला पुरावा."

"निघणारच. शिकार खाऊन मोठी होते आणि भोक पाडून बाहेर येते. म्हणून तर फसगत होते."

"उद्या सकाळी शिरस्तेदार येतायत. राब उद्याच पेटवणार. तुम्ही आज संध्याकाळी आप्पांना एकट्यांना हे सांगा. लोकांपुढे नको."

"ते ऐकतील?"

"आप्पा खोटं बोलत नाहीत, चुकीचं बोलतायत. चुकीचं बोलणारा माणूस एकटा असला तर ऐकतो."

तेवढ्यात वखार आली. लाकडांच्या थप्प्या उन्हात रचलेल्या. मी जवळ गेलो आणि एका ओंडक्यावरून हात फिरवला. सगळ्या ओंडक्यांवर साल तशीच होती.

"साल का ठेवली?"

"उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून. आप्पांचा हुकूम आहे." मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

लपवण्याजोगं काही राहिलंच नव्हतं. तोडलेल्या झाडाची साल लगेच काढली तर भुंगा सहसा तिथं अंडी घालत नाही. साल ठेवली की त्याला घर मिळतं. म्हणजे माशी निर्दोष ठरवायची तर भुंगा दाखवावा लागणार, आणि भुंगा कसा आला हे विचारलं की बोट आप्पांच्या हुकुमाकडे जाणार. लहानूचा राब वाचला तर आप्पांची नोकरी जाणार.

वेणू थप्पीला टेकून उभी राहिली. मागच्या दोन मुलींना तिनं घरी जायला सांगितलं. मग म्हणाली, "तरी सांगा. तेही सांगा. पण आज, आणि फक्त त्यांना. मग उद्या काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

आप्पा परसात मोहरीच्या वाफ्याला पाणी घालत होते. मला बघून दचकले नाहीत. मी लहान असताना ते मला 'नारू' म्हणत. आता म्हणाले, "या नारायणराव. पदवी आणलीत?"

"नाही."

"मग काय आणलंत?"

मी माशीचं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोहरीच्या पानावरून एक काळपट अळी उचलली. हाताला लागताच ती वेटोळं करून मेल्यासारखी पडली. "ही मोठी झाली की पिवळी माशी. हिला कंबर नाही. वखारीतल्या माशीलाही कंबर नाही. हे तुम्हीच म्हणता. ही माझा पाला खाते, ती माझं लाकूड खाते. एका घरचे लोक एकाच ताटात जेवतात."

"या अळीला पाय बघा, आप्पा. पोटाखाली रांगेनं पाय आहेत, पान धरायला. तांबडीच्या पिल्लाला एकही पाय नसतो. त्याला कुठं जायचंच नसतं, शिकारीला चिकटून पडायचं असतं."

"तुम्ही पाहिलंय ते पिल्लू?"

"चित्रात."

"मी ती माशी ओंडक्यातून निघताना डोळ्यांनी पाहिली आहे. चित्रात नव्हे."

"मग ओंडका फोडून बघा ना!"

"सरकारी लाकूड मी फोडू? कॉलेज सोडून आलेल्या मुलाच्या सांगण्यावरून?"

त्या शब्दावर माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. पदवीचा कागद अळीला वाचता येत नाही म्हणालो, एका पाड्याचं पोट तुम्ही आळसानं जाळताय म्हणालो. आळस हा शब्द त्यांना लागला. त्या माणसानं उभ्या आयुष्यात आळस केला नव्हता. दारात वेणू उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. सालीचं सांगायचं राहिलंच, कारण तोवर आप्पांनी झारी खाली ठेवली होती.

"उद्या या," ते म्हणाले. "एक ओंडका देतो. सगळ्यांच्या देखत चिरू. तुमचं पिल्लू निघालं तर राब राहील. नाही निघालं तर राब जळेल, आणि तुम्ही जव्हारची वेस पुन्हा ओलांडायची नाही. या घरी तर नाहीच."

माझा मुक्काम धर्मशाळेत पडला. धर्मशाळा स्वच्छ आहे, पण ढेकूण आहेत. पथारी अंगणात टाका.

सकाळी माळावर गेलो तर पाडा आधीच जमला होता. बाया-माणसं आपापल्या भाऱ्यांपुढे बसलेली. दोन पट्टेवाले पलिते घेऊन उभे. शिरस्तेदार तट्टावरून आले, रुमालानं मान पुसत. त्यांना सगळ्याची गंमत वाटत होती.

"हाच का तो माशीचा वकील?" ते म्हणाले. "फी किती घेता?"

वेणू शाळेत गेली नव्हती. वखारीच्या कडेला उभी होती.

करवतीचा खड्डा वखारीतच आहे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकतात. एक करवत्या वर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो म्हणून तो तोंडावर फडकं बांधतो, वर बघत नाही, बोलत नाही. वरच्यानं करवतीच्या मुठीनं लाकडावर टकटक केलं की ओढायचं, दोनदा केलं की थांबायचं.

टकटक झाली. करवत बसली. भुसा आधी पांढरा, मग तांबूस पडू लागला. उन्हानं ओंडका तापला होता आणि त्यावर एक तांबड्या पोटाची माशी उतरली. मिशांच्या टोकांनी लाकूड बडवत तुरुतुरु पळाली, थांबली, पुन्हा बडवलं. वरच्या करवत्यानं हात थांबवला.

"ही बी टकटक करते," तो म्हणाला. "खाली हिचा बी कोन हाय का?"

लोक हसले. शिरस्तेदारही हसले. आप्पा हसले नाहीत.

ओंडका मधोमध चिरला गेला. दोन्ही फाका उघडल्या. आत लाकूड गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, निर्मळ. एक भोक नाही, एक अळी नाही. मी गुडघ्यावर बसून भिंग लावलं. काही नाही.

"झालं?" आप्पा म्हणाले.

पट्टेवाल्यानं पलित्यावर तेल ओतायला घेतलं. लहानूची बायको उठून भाऱ्यावर जाऊन बसली. "मंग माना संगतीच जाळ," ती म्हणाली. लहानूनं तिला खाली ओढलं नाही. तोही तिच्याशेजारी बसला.

चूक कुठं आहे ते मला तेव्हाच दिसलं. आपण गाभा चिरला होता. भुंग्याची अळी गाभ्यात शिरत नाही. ती वरच्या फिक्या लाकडात राहते, सालीलगत.

"बाजूची फळी काढा," मी ओरडलो. "सालीलगतची!"

आणि शब्द तोंडातून गेल्यावर कळलं की सगळे आता सालीकडेच बघणार. वेणूनं मान खाली घातली.

शिरस्तेदारांनी घड्याळ काढलं, मग हात हलवून परवानगी दिली. करवत पुन्हा बसली. या वेळी भुसा पिवळट निघाला आणि मध्येच करवत हलकी झाली. खालच्या माणसाच्या अंगावर पिठासारखी पूड पडली. तो फडक्यातून खोकला. फळी सुटली. तिच्या पाठीत बोटभर रुंद, वाकडेतिकडे बोगदे, पुडीनं ठासलेले. मी चाकूनं पूड काढत गेलो. पहिला बोगदा रिकामा. दुसऱ्यात जाड, पांढरी, काळ्या जबड्याची अळी, जिवंत. तिसऱ्यात तशीच अळी, पण सुकून सुरकुतलेली; आणि तिच्या कुशीला चिकटलेलं, पाय नसलेलं, मऊ, इवलंसं पिल्लू.

मी फळी आप्पांपुढे धरली. त्यांनी माझ्या हातून भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मग चाकूचं टोक त्या पिल्लाच्या तोंडापाशी नेऊन पाहिलं. जाड अळीच्या जबड्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

"हे लाकूड चावू शकणार नाही," ते हळू म्हणाले.

शिरस्तेदार वाकून बघत होते. आता त्यांना गंमत वाटत नव्हती. "मग ही जाड अळी कुठून आली? राबातून?"

मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर येत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. वेणूकडे बघायची हिंमत झाली नाही. लहानू माझ्याकडे बघत होता, पट्टेवाला पलित्याकडे.

"विचारतोय मी," शिरस्तेदार म्हणाले. "राबातून का?"

"बोला, नारायणराव," आप्पा म्हणाले. "काल एवढा आवाज होता."

"साल," मी म्हटलं. पुढचं येईना.

आप्पांनी फळी उलटी केली. चाकू सालीखाली घातला आणि एक पट्टा सोलून काढला. खाली लाकडावर बारीक बारीक वाटा कोरलेल्या होत्या, जिथून अळ्या आत शिरल्या होत्या. त्यांनी त्या शिरस्तेदारांना दाखवल्या, जसं शाळेत मुलाला नकाशावर नदी दाखवतात.

"भुंगा सालीत अंडी घालतो. लाकूड तोडल्याबरोबर साल काढली असती तर हे झालं नसतं. साल ठेवायचा हुकूम माझा. लाकूड तडकू नये म्हणून मी तो दिला. राबाचा यात संबंध नाही. पलिते विझवा."

कुणी जयजयकार केला नाही. पाड्यावरची माणसं उठली आणि भारे डोक्यावर घेऊन जवळजवळ पळतच आपल्या वाफ्यांकडे निघाली, कुणाचं मन बदलायच्या आत. जाता जाता लहानू माझ्यापाशी थांबला.

"तू गप झालास ना," तो म्हणाला, "तवा माझा जीव गेला. वराडतोस तवा बरा वाटतोस."

त्यानंतर मी काही दिवस जव्हारला राहिलो. उरलेल्या ओंडक्यांची साल काढायला आप्पांनी माणसं लावली, त्यांत मीही गेलो. आपणहून. साल काढायला वाकडी कोयती लागते आणि तळहाताला फोड येतात. बरीच लाकडं वाचली, कारण गाभा शाबूत होता. तरी वरून हुकूम आला: आप्पांनी कामाचा ताबा दुसऱ्याकडे द्यावा.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते मोहरीच्या वाफ्यात अळ्या वेचत होते.

"तुम्ही बरोबर होतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, मी सालीचं आदल्या दिवशीच सांगणार होतो."

"ठाऊक आहे. वेणूनं सांगितलं." त्यांनी एक अळी चिमटीत धरली. "मी चुकलो, ते कबूल करायला मला जड गेलं नाही. पण नारू, बरोबर असलेल्या माणसाच्या घरात बायको सुखी असते, असं माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः उभा जन्म बरोबर होतो. वेणूच्या आईला विचारायला हवं होतं. आता ती नाही."

त्यांनी मला पुन्हा नारू म्हटलं हे मला रस्त्यात कळलं.

वेणू फाटकापर्यंत आली. आप्पा गावी जाणार होते. ती शाळा सोडणार नव्हती, मावशीला बोलावून इथंच राहणार होती. मी विचारायच्या आत तिनं हात वर केला.

"माझ्या वडिलांची नोकरी तुमच्या तोंडून गेली आणि पाड्याचा राब तुमच्या तोंडून वाचला. दोन्ही एकाच शब्दात. याचं मी काय करू, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही आज काही विचारलंत तर मी रागानं उत्तर देईन, आणि मग तेच उत्तर राहील."

"मग कधी विचारू?"

"तुम्ही विचारायचंच नाही. माझं ठरलं की मी कळवीन. तोवर येऊ नका. उठून निघून येणं तुम्हाला फार सोपं जातं."

परतीची वाट मोखाड्यावरूनच. चढाला गाडी मिळाली नाही, घाट पायी चढलो. खालच्या उतारांवर जागोजाग वाफ्यांवर फांद्या अंथरलेल्या दिसत होत्या, त्यांवर पाला, पाल्यावर माती, पेटवायला तयार. आंबोलीला पाणी प्यालो आणि त्र्यंबकला टांग्यात झोपलो.

घरी दादा बोलला नाही, छत्रीची काडी मोडली होती म्हणून. वहिनीनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"मग? जिंकलात का?"

"हो."

"जिंकून आलेल्या माणसाचं तोंड असं नसतं."

लहानूची भाकरी सोडून मी तिला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मग आता?"

"थांबायचं."

"तुम्ही?" वहिनी एवढी हसली की तिच्या हातातली पळी खाली पडली. "तुम्ही थांबणार?"

तर जव्हारला जायचं असेल तर पावसाच्या आधी जा. पाऊस लागला की ओढे भरतात, घाटात गाडी उतरत नाही, आणि मग दिवाळीपर्यंत वाट बंद. आत्ता वाट कोरडी आहे. टांगेवाला रोज विचारतो, "येता का त्र्यंबकपर्यंत?" मी नाही म्हणतो.